झाकली मूठ आणि गोव्याची पूड

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आचरली गेली आहे. मसाल्याचे प्रमाण, अत्तराचे मिश्रण, माल पुरविणाऱ्या पेढीचे नाव, या गोष्टी घरातील कर्त्या माणसापाशी राहतात आणि योग्य वेळ आली की पुढच्या पिढीच्या कानी घातल्या जातात. त्यात गैर काही नाही. परंतु हाच नियम त्वचेवर लावावयाच्या औषधाला लागू केला तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. त्याचे एक बोधप्रद उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीच्या गोवा आणि मुंबईच्या बाजारातच सापडते. त्या मालाचे नाव होते 'गोवा पावडर'.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही कडू चवीची पूड गोव्यात आणि मुंबईत गजकर्ण व नायटा यांवरील गुणकारी औषध म्हणून विकली जात असे. ताजी असताना ती फिकट पिवळी दिसे, ठेवून ठेवून तपकिरी आणि पुढे जांभळट होई. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून ती डागावर लावीत. गुण येई, हे गिऱ्हाइकाला ठाऊक होते. मात्र ती कोठून येते, कोणत्या झाडाची आहे, तिच्यात नेमके काय आहे, हे विकत घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. मुंबईतील औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी १८६४ साली लंडनच्या औषधशास्त्रविषयक नियतकालिकात या पुडीची माहिती दिली, तेव्हा ती प्रथमच युरोपातील जाणकारांच्या नजरेस आली.

पुडीच्या जन्माचे कोडे त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी सुटले. भारतात दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केलेले सर जोसेफ फेरर यांनी १८७४ मध्ये गोवा पावडरीवर लेख लिहिला. तो ब्राझीलमधील बाहिया येथील डॉ. दा सिल्व्हा लिमा यांच्या वाचनात आला. त्यांनी कळविले की, ही तर आमच्याकडची 'अरारोबा'! बाहियाच्या जंगलात अरारोबा नावाचा उंच वृक्ष होतो. त्याच्या खोडातील भेगांत आणि पोकळ्यांत ही पूड साठलेली असते. झाड तोडून, ओंडके फोडून ती खरवडून काढावी लागते. हे काम करणाऱ्या मजुरांचे डोळे आणि चेहरे पुडीच्या धुळीने लाल होऊन चुरचुरत.

ब्राझील आणि गोवा या दोन्ही ठिकाणी त्या काळी पोर्तुगिजांचा संबंध होता. लिस्बन ते गोवा या मार्गावरील जहाजे पूर्वीपासून बाहियाच्या बंदरात थांबत आली होती. त्या वाटेने ही पूड गोव्यात पोहोचली आणि गोव्याचे नाव धारण करून पुढे निघाली. गंमत अशी की, पोर्तुगीज भाषेत तिला 'पो द बाहिया', म्हणजे बाहियाची पूड, असेही म्हणत. मुठीतील गुपित नावातच लिहिलेले होते, पण वाचणारा भेटला नव्हता.

उगम कळला तरी काम संपत नाही. खोडातून खरवडलेल्या पुडीत लाकडाचा भुसा, तंतू आणि इतर कचरा असतोच. एका पोत्यातील पूड दुसऱ्या पोत्यासारखी नसते. धान्याच्या व्यवहारात असा फरक पडला तर भावात थोडी तडजोड होते. औषधाच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ असा की, एका रुग्णाला गुण येतो, दुसऱ्याला काहीच होत नाही आणि तिसऱ्याची कातडी भाजून निघते. म्हणून पुडीतील कार्य करणारा अंश वेगळा काढणे, त्याला ओळखणे आणि मोजणे ही पुढची पायरी होती.

१८७५ मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ जॉन अ‍ॅटफील्ड यांनी पुडीचे पृथक्करण केले. तिचा बहुतांश भाग क्रायसोफॅनिक आम्ल आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे आम्ल रेवाचिनीतही असल्याने रसायनशास्त्राला परिचयाचे होते. परंतु १८७८ साली लीबरमान आणि सायडलर या जर्मन संशोधकांनी हा निष्कर्ष दुरुस्त केला. पुडीतील मुख्य द्रव्य निराळे असून हवेतील प्राणवायूशी संयोग झाल्यावर त्याचे क्रायसोफॅनिक आम्ल बनते, असे त्यांनी दाखविले आणि मूळ द्रव्याला 'क्रायसारोबिन' हे नाव दिले. नामांकित शास्त्रज्ञाचा निष्कर्षही तीन वर्षांत पुन्हा तपासला गेला आणि बदलला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हिशेबाच्या वह्या लिहिणारा आणि त्या तपासणारा वेगळा असावा, हे तत्त्व पेढीइतकेच प्रयोगशाळेलाही लागू पडते.

याच सुमारास पुडीचा दुसरा उपयोग योगायोगाने उघड झाला. १८७६ मध्ये लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांच्या असे निदर्शनास आले की, गजकर्णाचे म्हणून ओळखले जाणारे हे औषध एका रुग्णाच्या सोरायसिसवर लावले गेले आणि चट्टे ओसरले. वास्तविक हे दोन विकार अगदी भिन्न आहेत. गजकर्ण बुरशीमुळे होते आणि संसर्गाने पसरते. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी, एरवी सुमारे महिनाभर चालणारा आपला प्रवास, काही दिवसांतच पुरा करून पृष्ठभागावर येतात आणि तेथे रुपेरी खवल्यांचे थर जमतात. हा विकार संसर्गजन्य नाही. स्क्वायर यांनी या अनुभवाचा पाठपुरावा केला, त्यावर लिहिले आणि क्रायसारोबिनचे मलम सोरायसिसच्या उपचारांत रुळले.

मग पहिले महायुद्ध आले. समुद्रावर नाकेबंदी झाली आणि ब्राझीलचा माल जर्मनीत पोहोचेनासा झाला. एकाच प्रदेशातील एकाच वृक्षावर अवलंबून असलेल्या औषधाची ही अडचण कोणाही आयातदाराला चटकन उमगेल. बायर कंपनीने क्रायसारोबिनशी जवळचे नाते असलेले, रचनेत एका लहानशा गटाने उणे, असे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. गालेव्स्की आणि उन्ना या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याचा रुग्णांवर वापर करून १९१६ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्या द्रव्याला पुढे 'डिथ्रॅनॉल' हे नाव मिळाले. आता झाड तोडण्याची गरज उरली नाही, आणि प्रत्येक घाणीतील द्रव्य सारख्याच प्रतीचे मिळू लागले.

तरीही मूळ पुडीचे दोष या नव्या द्रव्यात उतरलेच. डिथ्रॅनॉल निरोगी कातडीला झोंबते, तिच्यावर तपकिरी-जांभळे डाग पाडते आणि कपड्यांवरचे त्याचे डाग तर निघतच नाहीत. डोळ्यात गेले तर मोठा दाह होतो. हे दोष लपविले गेले नाहीत. ते नोंदले गेले, म्हणून त्यांवर तोडगेही निघाले. इंग्लंडमधील लीड्स येथे डॉ. जॉन इन्ग्रॅम यांनी १९५३ मध्ये एक शिस्तबद्ध पद्धत मांडली. रुग्णाने रोज डांबरयुक्त पाण्यात स्नान करावयाचे, त्यानंतर अतिनील किरणांचा मोजका शेक घ्यावयाचा आणि मग डिथ्रॅनॉल घट्ट लेपात मिसळून फक्त चट्ट्यांवर लावावयाचे. लेप घट्ट असल्याने औषध आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरत नसे. प्रारंभ अगदी सौम्य, शेकडा ०.१ इतक्या प्रमाणाने करीत आणि त्वचेला सोसेल तसतसे ते वाढवीत नेत. १९८० नंतर आणखी एक सुधारणा झाली. औषध रात्रभर ठेवण्याऐवजी अर्धा तास ते तासभर ठेवून धुऊन टाकले तरी गुण येतो आणि त्रास कमी होतो, असे दिसून आले. त्यामुळे रुग्णालयात राहून करावयाचा उपचार घरी करणे शक्य झाले. नवी औषधे आल्यावर त्याचा वापर कमी झाला हे खरे, पण एका झाडाच्या खोडातील पुडीने शतकाहून अधिक काळ रुग्णांची सेवा केली, ती प्रत्येक पायरीवर मूठ थोडीथोडी उघडत गेल्यामुळेच.

आज वनस्पतिजन्य औषधाची चाचणी याहूनही काटेकोर झाली आहे. एपिडर्मोलिसिस बुलोसा नावाचा एक जन्मजात विकार आहे. त्यात त्वचा इतकी नाजूक असते की, साध्या घर्षणाने फोड येतात आणि जखमा होतात. भूर्ज जातीच्या वृक्षाच्या सालीचा अर्क सूर्यफुलाच्या तेलात शेकडा १० या प्रमाणात मिसळून केलेला लेप अशा २२३ रुग्णांवर तपासण्यात आला. काहींना अर्काचा लेप दिला, काहींना अर्क नसलेला साधा लेप. कोणाला काय मिळाले, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि जखम तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. ४५ दिवसांत निवडलेली जखम पूर्ण भरून येण्याचे प्रमाण अर्काच्या गटात ४१.३ टक्के, तर साध्या लेपाच्या गटात २८.९ टक्के आढळले. २०२२ मध्ये युरोपीय संघात आणि २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत या लेपास मान्यता मिळाली.

या आकड्यांत एक शहाणपण दडलेले आहे. ज्यांना अर्क मिळालाच नाही, त्यांच्यापैकीही चौथ्या हिश्शाहून अधिकांची जखम भरली. ती काळाने भरली, स्वच्छतेने भरली, लेपाच्या ओलाव्याने भरली. तुलनेला दुसरा गट नसता तर हे सारे श्रेय अर्काच्या खाती जमा झाले असते. 'लावले आणि बरे वाटले' हा अनुभव खोटा नसतो, पण केवळ त्यावरून औषधाची किंमत ठरविणे म्हणजे खर्चाची बाजू न लिहिता नफा जाहीर करण्यासारखे आहे.

मूठ झाकलेलीच राहिली तर काय घडते, याचेही उदाहरण नोंदलेले आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे मुलांच्या त्वचारोग विभागात इसबावर 'हर्बल' मलमे वापरणारी काही बालके येत होती. मलमांनी चांगला गुण येतो, असे आईवडिलांचे म्हणणे होते. अशी २४ मलमे प्रयोगशाळेत तपासण्यात आली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी २० मलमांत स्टेरॉइड निघाले, आणि काहींत तर अतिशय तीव्र प्रतीचे. आईवडील स्टेरॉइडच्या भीतीने वनस्पतीकडे वळले होते, आणि वनस्पतीच्या नावाखाली तेच द्रव्य मुलांच्या कोवळ्या त्वचेवर चोळत होते. तीव्र स्टेरॉइड दीर्घकाळ लावल्यास कातडी पातळ होते, आणि लहान मुलांच्या शरीरात ते शोषले जाण्याचा धोका अधिक असतो.

आपल्याकडे अनेक कुटुंबांची औषधांची, सौंदर्यप्रसाधनांची किंवा वनौषधींची दुकाने आहेत, आणि आजीच्या हातचे मलम तर बहुतेक घरांत असते. त्या सर्वांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची यादी व प्रमाण, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता असणे नियमाने आवश्यक आहे. हे नसलेली डबी कितीही ओळखीच्या माणसाने दिली तरी दुकानात ठेवू नये. सौंदर्यप्रसाधनाचा परवाना घेऊन रोग बरा करण्याची जाहिरात करू नये, कारण तसा दावा केल्याबरोबर कायद्याच्या दृष्टीने ती वस्तू औषध ठरते. कोणतेही नवे मलम प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. एखादे मलम दोन-तीन दिवसांतच आश्चर्यकारक गुण देते आणि थांबविताच विकार दुप्पट उसळतो, असे आढळले तर ते वापरणाऱ्याने डबीसह त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. आणि चट्टा गजकर्णाचा की सोरायसिसचा, हे घरी ठरवू नये. स्क्वायर यांच्या काळातील गल्लतीतून चांगले निष्पन्न झाले, तसे प्रत्येक वेळी होईलच असे नाही.

घराण्याचे सूत्र जपण्यास हरकत नाही. त्याची नोंदणी करता येते, त्यावर हक्क सांगता येतो. परंतु डबीत काय आहे, किती आहे आणि त्याने काय अपाय होऊ शकतो, हे विकत घेणाऱ्यास कळलेच पाहिजे. गोव्याच्या पुडीचे गुपित १८७५ मध्ये फुटले, तेव्हा ते जपणाऱ्या विक्रेत्यांचा भाव कदाचित उतरला असेल. औषध मात्र तेथून पुढेच खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागले.