बदलीचा हुकूम आणि कामगाराचा हक्क

सिन्नरच्या माळेगाव वा मुसळगाव वसाहतीतील मालकाने काम परजिल्ह्यात हलविले, तर कामगाराने निमूटपणे जावे काय? करारात अट नसेल तर नंतर घेतलेल्या दुसऱ्या कारखान्यात बदली करता येत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने कुंदन शुगर मिल्स खटल्यात १९६० मध्येच दिला. मात्र नेमणूकपत्रातील ‘कोठेही बदली होईल’ ही ओळ (सही करताना ती वाचतो कोण?) हे कवच बव्हंशी काढून घेते. मग आकसाने बदली केल्याचे सिद्ध करणे एवढेच हाती उरते.

कारखानाच बंद केल्यास स्थिती आणखी बिकट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार ३०० हून कमी कामगारांच्या कारखान्याला टाळे लावण्यास सरकारी परवानगी लागत नाही. भरपाई मिळते, ती सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाची.