खुर्चीवरचा डोंगर

पुण्यात शिकणारी मुलं शनिवारी एसटीतून गावी उतरतात, तेव्हा सॅकमध्ये पुस्तकं कमी आणि मळके कपडेच जास्त. आईही कौतुकाने बादली भरते.

घरी राहणाऱ्यांचा ढीग खुर्चीवर. (जीन्स रोज धुवायची गरज नसते, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, घामट मोज्यांना मात्र ते लागू नाही.)

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. मुलीला दोरीवरचे कपडे काढायला धाडून मुलाला अभ्यासाला बसवणाऱ्या घरातच ही दरी पडू लागते.

मतदान करण्याच्या वयात मशीनचं बटण अवघड नाही. आधी खिसे तपासायला तेवढं शिकवावं. एक टिशू पेपर राहिला, की सगळ्या काळ्या टी-शर्टांवर पांढरा चुरा!