कितवा महिना?

‘तिला दिवस गेले’ असे आपण म्हणतो. किती गेले, हे त्या वाक्यात नसते. प्रसूतिशास्त्राला हवे असते नेमके तेच. आफ्रिकी देशांत गर्भाचे वय कसे ठरवतात, याविषयीचे वैद्यकीय लेखन वाचताना एक शब्द आम्हांस खटकत राहिला. मातेने सांगितलेली तारीख तेथे ‘अविश्वसनीय’ म्हटली जाते.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, हा हिशेब जर्मन वैद्य नेगेले यांच्या नावाने चालतो. त्यात २८ दिवसांचे नियमित चक्र गृहीत आहे, आणि इंग्रजी कॅलेंडरही. इथिओपियातील वर्ष तेरा महिन्यांचे: तीस दिवसांचे बारा आणि पाच-सहा दिवसांचा तेरावा. तारीख बदलून लिहिणारा चुकला, तरी दोष सांगणारीच्याच माथी येऊ शकतो. शिवाय पहिले मूल अंगावर पीत असता, पाळी परत येण्याआधीच दिवस राहिले, तर आठवायला तारीखच नसते!

पण म्हणून मौखिक स्मृतीचे गोडवे गाणेही आम्हांस मान्य नाही. (साहित्याच्या अभ्यासकांना, म्हणजे आम्हांलाही, ती सवय आहे.) २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत केनिया, झांबिया यांच्यासह सहा देश होते, भारतातून नागपूर आणि बेळगाव. अकाली प्रसूतीचा संभव दिसला, की बाळाची फुफ्फुसे पक्व व्हावीत म्हणून मातेला स्टेरॉइड द्यायचे. गर्भाचे वय पाळीच्या तारखेवरून, नाहीतर पोटावर टेप लावून ठरले. औषध मिळालेल्या अनेकींची बाळे अकाली नव्हतीच. योजना राबवलेल्या भागांत हजार स्त्रियांमागे साडेतीन नवजात मृत्यू अधिक झाले. कारण निर्विवाद ठरले नाही. संशय मात्र वयाच्या मोजणीवरही गेला. पुढे २०२० साली केनिया, नायजेरिया व दक्षिण आशियातील रुग्णालयांत सोनोग्राफीने वय पडताळून तेच औषध दिले, तेव्हा नवजात मृत्यू घटले.

तेव्हा यंत्र हवेच. मलेरियाने वाढ खुंटलेले बाळ टेपला कमी वयाचे वाटते. चोविसाव्या आठवड्याआधी एक सोनोग्राफी व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले. जितका उशीर, तितके तिचे उत्तरही ढोबळ. आणि उशीर होतोच. पहिले महिने कुणाला सांगू नये, हा संकेत आपल्याकडे आहे तसा तिकडेही अनेक समाजांत आहे.

यंत्र पोहोचेपर्यंत विचारण्याची रीत तरी बदलता येईल. इथिओपियात ‘फासिकाच्या उपवासाआधी की नंतर?’ असे विचारता येते. आणि पाळी परत आलीच नसेल, तर तसेच लिहावे. तेथे ‘आठवत नाही’ लिहिणे ही चुकीची नोंद आहे.