घर आपले, भुई कोणाची?

गेल्या भीमजयंतीच्या स्नेहभोजनात आपल्या मंडळातील एका तरुण दांपत्याने आपला बेत बोलून दाखविला. अपॅलेशियन डोंगररांगांतील एका खोऱ्यात त्यांना घर घ्यावयाचे आहे. शहरालगतच्या उपनगरांतील किमती त्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. सूनबाईंना खोऱ्यातील रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळाली असून चिरंजीवांचे काम घरबसल्या होते. हे ऐकताच पंगतीतील एक ज्येष्ठ काका म्हणाले, "बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हणून सांगितले, आणि तुम्ही अमेरिकेत येऊन पुन्हा खेड्यात निघालात?" सारे हसले, पण त्या दोघांचे चेहरे उतरले. काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. अशाच एका खोऱ्यात मी काही वर्षे डॉक्टर म्हणून काढली असल्याने त्याचे उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भारतीय खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले, हे आपण सर्व जाणतो. परंतु त्यांचा रोख वस्तीच्या लहानपणावर नव्हता. १९१७ साली बडोद्यासारख्या राजधानीच्या शहरातही त्यांना राहावयास खोली मिळाली नाही. पारशी सरायीतून हाकलले गेल्यावर ते एका बागेत जाऊन बसले. त्यांनी नाकारले ते दुसऱ्याच्या मर्जीवर उभे असलेले छप्पर. महारवाडा गावाबाहेर होता, पाणवठा बंद होता आणि वतनाच्या तुकड्यापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणूक होती. पुढे दादरला त्यांनी 'राजगृह' बांधले ते स्वतःच्या जागेवर, ग्रंथांना हक्काचे स्थान देऊन. आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते जमिनीसाठीच. खेडे सोडणे आणि जमीन मागणे ह्या दोन्ही गोष्टी एकाच स्वाभिमानाच्या पोटी आल्या.

परदेशी डॉक्टरांना, डॉक्टर नसलेल्या ग्रामीण भागात सेवा केल्यास ह्या देशात राहू देणारी जी तरतूद १९९४ साली विस्तारली, तिच्या आधारे मी पूर्व केंटकीत गेलो. माझे बहुतेक रुग्ण गोरे खाणकामगार होते. कोळशाच्या धुळीने त्यांची फुप्फुसे निकामी झाली होती. त्यांच्या पणजोबांनी जमिनीखालचा कोळसा कवडीमोलाने लिहून दिला होता. त्याच कागदांच्या बळावर पुढे कंपन्यांनी वरची जमीन, परसबाग आणि डोंगरही पोखरला. १९८८ साली केंटकीच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली, तेव्हा कोठे जमीनमालकाच्या संमतीवाचून चालणाऱ्या ह्या उघड्या खाणींना आळा बसला. एक वृद्ध रुग्ण म्हणाला होता, "डॉक्टर, घर माझे होते, पण खालची भुई माझी नव्हती." ते ऐकून मला आमच्या आजोबांची आठवण झाली.

म्हणून तरुण मित्रांनो, खोऱ्यातील घराची किंमत पाहण्याआधी भुई कोणाची, हे विचारा. स्वस्त म्हणून दाखविले जाणारे घर कित्येकदा मोबाइल होम असते. घर तुमचे आणि खालची जागा भाड्याची. जागामालकाने भाडे वाढविले की ते घर हलविणेही परवडत नाही. जागेसह घर घेताना खनिजांचा हक्क वेगळा विकला गेला आहे काय, रस्ता कोणाच्या जमिनीतून येतो, हे वकिलाकडून तपासून घ्या. जुन्या खरेदीखतात गोऱ्यांखेरीज कोणास विकू नये अशी अट आढळली तर घाबरू नका. १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती निरुपयोगी ठरली आणि १९६८ च्या कायद्याने असा भेदभावच बेकायदा झाला. मात्र मुलांना तो कागद अवश्य दाखवा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. खोऱ्यातील सपाट जागा ही बहुधा ओढ्याचीच जागा असते. जुलै २०२२ मध्ये पूर्व केंटकीत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात महापुराने घरेच्या घरे वाहून नेली. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. त्याचा विमा वेगळा असतो आणि तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो. विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासा. जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन वायूचीही मोजणी करा. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते कारण आहे. प्रमाण ४ पिकोक्युरी किंवा अधिक निघाल्यास उपाय करावयाचा असतो, आणि तो अवघड नाही.

पैशाची वाटही आहे. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम ५०२ खाली अमेरिकेचे कृषिखाते ग्रामीण भागातील घरासाठी कर्ज किंवा कर्जाची हमी देते. नागरिकत्व अथवा ग्रीनकार्ड असेल व उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर सुरुवातीला रोख रक्कम भरण्यावाचूनही घर घेता येते. अट एवढीच की त्या घरात स्वतः राहावयाचे.

ही अट मला फार मोलाची वाटते. सुटीपुरते घर घेऊन वर्षभर कुलूप लावणाऱ्यांमुळे खोऱ्यांतील किमती चढतात आणि तेथल्याच शिक्षिकेला, मजुराला घर मिळेनासे होते. ज्यांनी भूमिहीनता भोगली त्यांच्या लेकरांनी दुसऱ्याला भूमिहीन करू नये.

काकांची चिंता मात्र मी खोडून काढणार नाही. विहार दूर असेल, शाळेत आपलेच मूल वेगळे दिसेल, हिवाळ्यात घाट बंद होतील. त्यावर उपाय कागदात नाही, तो आपल्या मंडळात आहे. वर्षातून एक वंदना त्या खोऱ्यातील घरी व्हावी आणि काकांनी तिच्या अग्रभागी असावे. घरापर्यंतच्या रस्त्याची माहिती मी देईन.

जयभीम.