वर्गणी भरावी कीं न भरावी?

पूर्वीं लग्न जुळवून देणाऱ्या मध्यस्थाचा मोबदला ठरलेला नसे, पण तो देण्याची वेळ मात्र ठरलेली असे. अक्षता पडल्या, पंगत उठली, म्हणजे यजमान त्याला धोतर-उपरणें देऊन हातांत नारळ ठेवी, आणि ऐपत असेल तो वर दक्षिणाहि देई. लग्न फिसकटलें तर उपरणें राहिलेंच, उलट चार महिने त्या आळींतून जाण्याचीहि त्याला चोरी होई. आज हें काम फोनमधील ॲपांकडे गेलें आहे, आणि त्यांची दक्षिणा अक्षतांच्या आधीं, किंबहुना मुलगी दिसण्याच्याहि आधीं, घेतली जाते. ती भरावी कीं न भरावी हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत दोन घरांतून माझ्याकडे आला. एक घर येथें बोरींतील शेजाऱ्यांचें, दुसरें पुण्यांतील माझ्या पुतण्याचें. निवृत्त मास्तराकडे लोक अर्ज लिहवून घेण्यास आणि पत्रिका दाखविण्यास येतात. हा तिसरा विषय मला नवा होता, म्हणून थोडा अभ्यास करावा लागला.

प्रथम विकलें जातें तें काय हें पाहूं. विवाहजुळणीच्या संस्थळांवर नांव घालणें बहुधा फुकट असतें. पसंत पडलेल्या स्थळाचा दूरध्वनि क्रमांक पाहण्यास पैसे पडतात. टिंडरसारखीं नुसत्या परिचयाचीं ॲपें निराळीं. टिंडर २०१२ सालीं निघालें आणि त्याची सशुल्क श्रेणी २०१५ सालीं आली. मधल्या काळांत लोकांना संवय लागली. तेथें पैसे दिले म्हणजे आपल्याला कोणीं पसंत केलें तें दिसतें, आपण कितीजणांना पसंत करावें यावरील मर्यादा उठते, आणि जास्त मोजल्यास कांहीं वेळ आपली तसबीर इतरांच्या पुढें सरकते. म्हणजे विकत मिळतें तें स्थळ नव्हे. रांगेंतील जागा मिळते.

मनूनें विवाहाचे आठ प्रकार सांगितले आहेत. परस्परांच्या इच्छेनें होतो तो गान्धर्व, वराकडून द्रव्य घेऊन कन्या दिली जाते तो आसुर. वधूवरांनीं एकमेकांस पसंत करावें आणि द्रव्य मात्र तिसऱ्यानेंच न्यावें, या प्रकाराची तरतूद स्मृतिकारांनीं केलेली दिसत नाहीं. महाभारतांतील नलाच्या कथेंतला हंस तेवढा या ॲपांचा पूर्वज शोभेल. त्यानेंहि मोबदला आधींच घेतला होता, तो म्हणजे स्वतःची सुटका. पण सुटल्यावर तो दमयंतीकडे गेला, बोलल्याप्रमाणें काम केलें, आणि पुढील महिन्यांत पुन्हां मोबदला मागावयास आला नाहीं.

शेजाऱ्यांचा मुलगा एकतीस वर्षांचा, कृषिविषयाचा पदवीधर. सहा एकर बागाईत, द्राक्षें आणि कांदा. कर्ज आहे, पण बेताचें. सुपारीचेंहि व्यसन नाहीं. चार वर्षांत अकरा ठिकाणांहून नकार आला. तेव्हां वडिलांनींच त्याचें नांव एका संस्थळावर घातलें, आणि दुसऱ्या दिवसापासून दूरध्वनि सुरू झाले: अमुक इतकीं स्थळें आपली वाट पाहत आहेत, तीन महिन्यांचे साडेचार हजार भरा, सवलत आज सायंकाळपर्यंतच. वडील माझ्याकडे आले. म्हणाले, “गुरुजी, एका फवारणीचं पैसं हायेत. भरू का नको?”

मीं मुलाला त्याची माहिती वाचून दाखविण्यास सांगितलें. व्यवसाय शेती, गांव बोरी बुद्रुक. वार्षिक उत्पन्नाची चौकट कोरी होती. कारण विचारलें तर म्हणाला, “कोणत्या वर्षाचं लिहू, गुरुजी?” प्रश्न खोटा नव्हता. २०२३ च्या जुलैंत ज्याच्या रानांत टोमॅटो उभा होता त्याच्या हातीं नारायणगांवच्या बाजारांत जो पैसा आला तो त्यानें स्वप्नांतहि पाहिला नव्हता. दोन-तीन महिन्यांतच तो भाव खालीं आला. असा आकडा पगारदाराच्या आकड्याशेजारीं कसा मांडावा? आणि मांडला तरी, पलीकडच्या वधूपित्यानें शहर पुणें, व्यवसाय नोकरी, अशी चाळण लावली कीं हा मुलगा त्याला दिसावयाचाच नाहीं. साडेचार हजारांनीं चाळणीचें भोंक मोठें होत नाहीं. टिंडरच्या सशुल्क श्रेणींत तर बोरींत बसून आपण पुण्यांत आहों असें दाखवितां येतें. पण लग्नानंतर मुलीनें रहावयाचें तें बोरींतच. आमच्या कुकडीच्या कांठीं सुमात्रा बेटावरील ज्वालामुखीची राख सांपडते, ती पहावयास विद्वान लोक येतात. राख एवढ्या लांबून आली; दोन-अडीच तासांच्या वाटेवरच्या पुण्याहून सून येत नाहीं.

याचें कारण नुसतें शेतींत नाहीं. महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुली १९९१ सालीं ९४६ होत्या, २००१ सालीं ९१३ झाल्या आणि २०११ सालीं ८९४. २००१ च्या खानेसुमारींत मोजलेलीं तीं बालकें आज पंचविशी-तिशींत आहेत. वर्गणी भरावी काय असें विचारणारे ते हेच. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा आपल्या राज्यानें १९८८ सालींच केला होता, देशाचा १९९४ सालीं झाला. तरी आंकडे उतरतच गेले. २०२२ च्या डिसेंबरांत सोलापुरास अविवाहित तरुणांनीं नवरदेवाच्या वेषांत, घोड्यांवर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हां पुष्कळ लोक हंसले. हा कायदा कडकपणें राबवावा अशी त्या तरुणांची मागणी होती. मला त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं. आणि आपल्या ज्ञातींतहि भिक्षुकी करणाऱ्या मुलाची स्थिति या शेतकऱ्याच्या मुलाहून फारशी निराळी आहे असें वाचकांपैकीं कोणी म्हणणार नाहीं. शंभरांच्या रांगेंत दहांनीं पैसे भरले तर ते दहा पुढें सरकतात. शंभरांनींहि भरले तर जो तो होता तेथेंच उभा, आणि दुकानदाराचा गल्ला तेवढा भरलेला.

म्हणून मीं नको म्हटलें. पण नुसतें नको म्हणून शेजाऱ्याला वाटेस लावणें बरें नव्हे. मीं मुलाच्या आईला विचारलें, सून नारायणगांवला किंवा आळेफाट्याला नोकरीस जाईन म्हणाली तर चालेल काय? त्या म्हणाल्या, “मग रानाकडं कोण बघंल?” मीं म्हटलें, तुमचें हें वाक्य मुलीकडची मंडळी तुमच्या दारांत येण्याआधींच ऐकून असतात. त्या कांहीं बोलल्या नाहींत. दोन संध्याकाळीं बसून आम्हीं माहिती नव्यानें लिहिली. तीन वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी घातली, कर्जाचा आकडा घातला, सुनेला शेतावर राबावें लागणार नाहीं आणि नोकरीस हरकत नाहीं असें घातलें. विधवा किंवा घटस्फोटित मुलगी चालेल ही ओळ मुलानें स्वतः सांगितली. तिला वडिलांची संमति मिळण्यास आठ दिवस लागले. धोंडो केशव कर्व्यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला तेव्हां मुरूड गांवानें त्यांना वाळींत टाकलें होतें; त्या मानानें आठ दिवस थोडेच.

त्यानंतर फुकटच्याच खात्यावर दोन विचारणा आल्या. एक मुलगी जुन्नरच्याच बाजूची, परिचारिका; घरापासून बसथांबा किती दूर आहे असें तिनें विचारलें होतें. तिचा क्रमांक पाहण्यास वर्गणी हवी असें दिसतांच मींच मुलाला म्हटलें, आतां भर, पण तीन महिन्यांची नको, एकाच महिन्याची. ती श्रेणी यादीच्या अगदीं तळाशीं होती.

पुण्याचा वाद निराळा. पुतण्याची मुलगी एकोणतीस वर्षांची, संगणकाच्या कंपनींत कामाला. घरांत नऊ माणसें. तिनें हिंज नांवाच्या ॲपाचे एका महिन्याचे पैसे स्वतःच्या पगारांतून भरले, तें आमच्या वहिनींना कळलें. “पैसे मोजून नवरा शोधायची वेळ आली का आपल्यावर?” असें त्या म्हणाल्या. त्यांच्या लग्नांत त्यांच्या वडिलांनीं किती मोजले होते तें त्यांना पुरें ठाऊक आहे, मीं आठवण दिली नाहीं. मुलगी सकाळीं नऊला बाहेर पडते ती रात्रीं परतते, आणि कचेरींत तींच चार तोंडें. शहरांत तिच्याजोगे तरुण पुष्कळ आहेत, फक्त तिच्या वाटेवर नाहींत. अशा माणसाला एका महिन्याची वर्गणी महाग नव्हे. टिंडरनें तर तिशी उलटलेल्यांकडून त्याच सेवेचे महिन्याला १९.९९ डॉलर आणि धाकट्यांकडून त्याहून कमी घेतले होते; तसें करणें हा बेकायदा भेदभाव ठरतो असें कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानें २०१८ सालीं म्हटलें. वय पाहून भाव वाढविण्याची ही रीत आपल्या हुंडा घेणाऱ्यांना शिकवावी लागली नसती.

पैसे भरणारा माणूस खरा, असा एक समज घरोघर आढळतो. विवाहाच्या संस्थळांनीं सभासदांची ओळख पडताळून घ्यावी असें केंद्र सरकारनें २०१६ च्या जूनमध्यें कळविलें आहे. पण कागद खरे असले म्हणजे मनुष्य खरा असतो असें नाहीं. पहिली भेट कोठें, किती वाजतां, कोणाशीं, एवढें घरीं सांगून जावें, असें मीं मुलीला सांगितलें. खात्याचा परवलीचा शब्द मात्र कोणीं मागूं नये असें वडील मंडळींना सांगितलें. शेजाऱ्यांकडे वडिलांनींच खातें उघडलें होतें, म्हणून तर चार वर्षें मुलाच्या मनांत असलेली ती ओळ त्यावर आली नव्हती.

आतां व्यवहाराचें थोडें. ‘आज सायंकाळपर्यंतच’ या खोट्या निकडीला, आणि सहज आंत शिरतां यावें पण बाहेर पडतां येऊं नये अशा वर्गणीच्या सांपळ्याला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नांवें देऊन मना केली आहे. एकूण तेरा प्रकार त्यांत आहेत. पुष्कळशा वर्गण्या मुदत संपतांच आपोआप पुन्हां कापल्या जातात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें अशी रक्कम कापण्यापूर्वीं निदान चोवीस तास आधीं सूचना द्यावी लागते. ती सूचना न वाचतां पुसूं नये. हिंजवाले जाहिरातींत सांगतात कीं आमचें ॲप काढून टाकण्यासाठींच बनविलें आहे. पण ॲप काढून टाकल्यानें वर्गणी थांबत नाहीं. ज्या दुकानांतून ॲप घेतलें त्याच्या वर्गण्यांच्या यादींत जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते, आणि हें काम पैसे भरल्याच्याच दिवशीं उरकतां येतें. भरलेला महिना त्यामुळें सहसा बुडत नाहीं. पुण्याच्या मुलीनें तें मला पांच मिनिटांत करून दाखविलें, आणि बोरीच्या मुलाला मीं दाखविलें.