बांधावर अडलेली सुट्टी

शेतकऱ्याने घराबाहेर मुक्काम करावा, याला आपल्या खेड्यापाड्यांत चारच कारणे मान्य आहेत: देव, लग्न, दवाखाना आणि मयत. तहसील कचेरीत खेटे घालण्यात त्याचा आठवडा गेला तरी कुणी विचारत नाही. पण नवरा-बायको दोन दिवस नुसता समुद्र बघायला गेले असे कळले, की सारा गाव त्यांचा हिशेब मांडायला बसतो. सोसायटीचे कर्ज किती थकले आहे, पोरीचे लग्न व्हायचे आहे का, घरावर पत्रा आहे की स्लॅब, सगळे निघते. राबणाऱ्या माणसाच्या आनंदावर असा पहारा बसवणाऱ्या समाजाला स्वतःला नीतिमान म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.

माझ्या माहितीतले मंगळवेढ्याकडचे एक जोडपे आहे. नवरा साठीला टेकलेला, बायको पंचावन्नची. चार एकर काळे रान, दोन म्हशी. गेल्या डिसेंबरात ज्वारी पोटऱ्यात होती, खुरपणी उरकली होती आणि पाखरांची राखण लागायला अजून अवकाश होता. डेअरीने दिवाळीला दिलेल्या फरकाचे पैसे हातात होते. मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धे तिकीट, हाही आधार होता. दोघांनी गाडी धरली आणि गणपतीपुळे गाठले. गावात सांगितले, ‘देवाला जाऊन येतो.’ हे खोटे नव्हते. दर्शन त्यांनी घेतले, टेकडीची प्रदक्षिणाही घातली. पण निघण्याचे खरे कारण वेगळे होते. बाईंना समुद्र बघायचा होता. लग्न होऊन आल्या तेव्हापासून ही हौस मनात होती आणि ती बोलून दाखवायची सोय नव्हती.

दर्शन पहिल्याच संध्याकाळी झाले. पुढचे दोन दिवस ती दोघे वाळूवर बसून होती. मन मात्र अर्धे गोठ्यात. धारेची वेळ झाली की बाईंचा जावेला फोन: ‘म्हशीनं पान्हा सोडला का गं? माझं जुनं लुगडं गुंडाळून बस, तिला वास कळतो.’ घरगुती खानावळीत जेवायला बसल्या तेव्हा तांदळाची भाकरी तव्यावरून थेट त्यांच्या ताटात पडली. जेवण झाल्यावर ताट घासायला घेऊन त्या उठल्या, तेव्हा खानावळवाल्या काकूंनी हात धरून त्यांना बसवले. ‘जन्मभर भाकऱ्या थापल्या, पण गरम भाकरी बसून खाल्ली ती तिथंच,’ हे त्या मला सहज बोलता बोलता सांगून गेल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ऐकणाऱ्याची मान मात्र शरमेने खाली गेली पाहिजे.

परतल्यावर पारावर स्वागत झाले ते असे: ‘काय आण्णा, देव एका दिसात हुतोय की! मग तीन दिस काय केलंसा?’ दुसरा म्हणाला, ‘दुष्काळ सरला म्हणायचा तुमचा!’ आण्णा काही न बोलता घरी आले. पुन्हा कुठे जायचे नाव त्यांनी काढलेले नाही. चोरी नाही, व्यसन नाही, कुणाचा पैसा बुडवलेला नाही. तरी साठीच्या माणसाला गुन्हेगारासारखे घरी परतावे लागले. सुट्टीसाठी ज्याला देवाची आड घ्यावी लागते, त्याला आपण स्वतंत्र देशाचा नागरिक कोणत्या तोंडाने म्हणतो?

शहरातल्या सुशिक्षितांनीही आपले हात स्वच्छ समजू नयेत. चौधरी चरणसिंह यांचा जन्मदिवस, २३ डिसेंबर, हा आपण राष्ट्रीय शेतकरी दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी सत्कार होतात, भाषणे होतात. नेमक्या त्याच आठवड्यात अलिबाग, हर्णै, तारकर्लीच्या वाटा नोकरदारांच्या गाड्यांनी भरून जातात. त्यांनी जावे, तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांतल्या कुणाला ‘घराचे हप्ते फिटले का?’ असे कुणी विचारत नाही. वीस वर्षांचे गृहकर्ज डोक्यावर असलेला माणूस गोव्याला जातो, तेव्हा तो कुटुंबवत्सल ठरतो. वर्षाचे पीककर्ज असलेला माणूस गणपतीपुळ्याला गेला तर तो उधळ्या. कर्ज दोघांवरही आहे. न्याय मात्र दोन तऱ्हेचा. शेतकऱ्याविषयीची आपली कणव तो रडतो तोवरच टिकते. तो हसताना दिसला की आपल्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. ज्या दयेला माणूस कायम दीनच हवा असतो, ती दया नव्हे, सत्ता आहे.

आणि नोकरदारांना हक्काची वाटणारी ही रविवारची सुट्टी आली कुठून? महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. १८९०च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१च्या कारखाने कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. हे कामगार कोण होते? कोकणातल्या आणि घाटावरच्या शेतकऱ्यांचीच ती लेकरे होती. ज्या सत्यशोधक चळवळीने शेतकऱ्याच्या दैन्याचा जाब विचारला, तिच्याच एका कार्यकर्त्याने देशाला सुट्टी मिळवून दिली. गिरणी, कचेरी, बँक, शाळा या सर्वांनी ती घेतली. शेताच्या बांधापर्यंत ती गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत पोहोचली नाही, आणि याची खंत करायलाही आपल्याला फुरसत झाली नाही.

संविधान तरी काय सांगते? कलम ४३ राज्यावर जबाबदारी टाकते, की सर्व कामकऱ्यांना निर्वाहापुरते वेतन, चांगले राहणीमान आणि फुरसतीचा पुरेपूर उपभोग मिळेल अशी तजवीज करावी. त्या कलमात शेतीतल्या कामकऱ्यांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे, आणि तोही उद्योगातल्यांच्या आधी. घटनाकारांनी ज्याला पहिले नाव दिले, त्याला आपण रांगेत शेवटी उभे केले आणि नंतर रांगेतूनच वगळले.

या वगळण्याचे टोक पाहायचे असेल तर हिवाळ्यात उसाच्या फडात जा. शहरातले लोक थंडीच्या सहलींचे बेत आखतात, त्या दिवसांत मराठवाड्यातली कोरडवाहू शेतकऱ्यांची हजारो जोडपी मुकादमाची उचल घेऊन पाच-सहा महिन्यांसाठी घर सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आजारपणामुळे काम चुकले तर तो खाडा. पाचशे रुपयांपर्यंत दंड उचलीच्या खात्यावर चढतो. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलाव्या लागतात. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीने ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. या शस्त्रक्रियांमागे कारणे अनेक आहेत, डॉक्टरांची हावही आहे. पण खाड्याची धास्ती हे त्यांतले मोठे कारण आहे. एका दिवसाचा विसावा मिळत नाही म्हणून बाई शरीराचा अवयव काढून देते, आणि त्या उसाची साखर आपल्या घरोघरच्या चहात पडते. हे पाप एकट्या मुकादमाचे नाही.

बाईचा हिशेब तर घरातच चुकलेला आहे. बैलाला पोळा आहे. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, सणाला जू उतरते, झूल चढते. कष्टाच्या जनावराला वर्षाचा एक दिवस मानाने द्यावा, ही आपल्या पूर्वजांची जाण मोठी आहे. पण त्याच दिवशी पहाटेपासून पुरण वाटते कोण? २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २९९ मिनिटे निघाली, पुरुषांची ९७. शेतकरणीच्या बाबतीत हे पाच तास शेतातल्या रोजाच्या वर आहेत. दिवस उगवायच्या आधी शेण, धार, पाणी, मग रान, मग पुन्हा चूल. आणि रात्री घरातले सगळे जेवल्यावर उरेल ते ताटात. पुरुष निदान पारावर टेकतो, बाजाराच्या दिवशी चहा घेतो. बाईला तेवढेही नाही. शेतकऱ्याच्या हक्कासाठी मोर्चे काढणाऱ्या पुरुषांनी आपल्या घरात एकदा विचारावे: तू शेवटची नुसती बसलीस कधी?

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला पैशाचा. तो खरा आहे. २०१८-१९च्या सरकारी पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत १०,२१८ रुपये निघाली. तीत सहल कुठून बसणार? पण ही मिळकत आभाळातून ठरून आलेली नाही. कांदा जरा महागला की शहर ओरडते, सरकार निर्यात अडवते आणि भाव कोसळतात. शेतकऱ्याच्या फुरसतीचे पैसे आपणच त्याच्या हातातून काढून घेतो आणि मग म्हणतो, त्याला परवडत नाही.

दुसरा आक्षेप असा, की जित्राबाला सुट्टी कळत नाही. म्हशीला नाही कळत. माणसाला कळते आणि माणूस व्यवस्था करू शकतो. फिनलंडमध्ये १९७०च्या दशकापासून दूध व्यवसायातल्या शेतकऱ्याला वर्षाकाठी हक्काची रजा मिळते आणि त्या काळात गोठा सांभाळायला सरकारी खर्चाने बदली माणूस येतो. आपल्याकडे तर त्याहून जुनी रीत आहे. सावडीने आपण पेरणी करतो, इर्जिक घालून नांगरणी उरकतो. ज्या गावाला एकमेकांच्या शेतात राबता येते, त्याला एकमेकांच्या विसाव्यासाठी चार दिवस गोठा का सांभाळता येऊ नये? दूध संस्थांनी गावोगाव धारेला बदली माणसे तयार करावीत, त्यांचा रोज संस्थेने द्यावा. साखर कारखान्यांनी आणि सरकारने खाड्याचा दंड बंद पाडून ऊसतोड जोडप्याला आठवड्याची भरपगारी सुट्टी द्यावी. राज्याने शेतपंपाला दिवसा वीज द्यावी, म्हणजे गव्हाला पाणी धरायला बिबट्याच्या भीतीत रात्र जागावी लागणार नाही. दिवसभर राबून निदान रात्रीची झोप, हा विसाव्याचा पहिला हप्ता आहे.

हे होईल तेव्हा होईल. पण प्रत्येकाच्या हातात असलेली एक गोष्ट आजच होऊ शकते, आणि तिला एक पैसा लागत नाही. पारावरची जीभ आवरा. शेजारचे जोडपे पिशवी घेऊन एसटी स्टँडवर उभे दिसले तर कुठे, कशाला, कुणाच्या पैशाने, असे विचारू नका. देवाला निघालो आहोत हे सांगण्याची पाळी त्यांच्यावर आणू नका. त्यांना म्हणा, ‘बिनघोर जावा. धारेचं आम्ही बघतो.’ आणि शेजारधर्म म्हणून दोन दिवस खरोखरच बघा. ज्या गावात एवढे होईल, तिथूनच शेतकऱ्याच्या मुक्तीविषयी बोलण्याचा अधिकार सुरू होतो.