फोटोचा कागद : चकाकीला भुलू नका!

आमच्या घरी एकाच भिंतीवर दोन फोटो आहेत. एक आजोबांचा, १९५८ साली स्टुडिओत काढलेला, कृष्णधवल. दुसरा २०१९ सालच्या आमच्या कोकण सहलीचा, घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेला. आजोबांच्या टोपीची घडीसुद्धा अजून स्पष्ट दिसते. सहलीच्या फोटोतला समुद्र मात्र दोन वर्षांतच फिका पडला आणि आमचे चेहरे तांबूस दिसू लागले. कागद तर मी दुकानातला सर्वांत जाड आणि चकचकीत घेतला होता! मग चुकले कोठे?

प्रथम कागदावर काय घडते ते पाहू. इंकजेट प्रिंटर शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर फेकतो. एकेक थेंब अवघ्या काही पिकोलिटरचा असतो. पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग! साध्या कागदावर हा थेंब टीपकागदावर पसरावा तसा पसरतो आणि चित्राच्या कडा फुटतात. म्हणून फोटोच्या कागदावर खास लेप दिलेला असतो. तो मुख्यतः दोन तऱ्हेचा असतो. पहिल्या लेपात सिलिका किंवा ॲल्युमिना यांचे बारीक कण असतात. त्यांच्यामधल्या छिद्रांत केशाकर्षणाने शाई ओढली जाते आणि फोटो लगेच कोरडा लागतो. दुसरा लेप जिलेटिनसारख्या पदार्थाचा. तो शाईतल्या पाण्याने फुगतो, रंग पोटात घेतो आणि वाळल्यावर मिटतो. तो सावकाश वाळतो, पावसाळ्यात चिकटतो आणि हल्ली कमीच मिळतो.

आता गंमत पाहा. ज्या छिद्रांतून शाई आत जाते, त्याच छिद्रांतून हवाही जाते. हवेतला ओझोन रंगाच्या रेणूंचे बंध तोडतो. २००० साली अमेरिकेत एका नव्या फोटो-प्रिंटरवर छापलेले फोटो काही घरांत थोड्याच आठवड्यांत नारिंगी पडले. शोध घेतल्यावर बोट ओझोनकडेच वळले.

शाईचाही विचार हवा. साखर पाण्यात विरघळते, गेरू मात्र नुसता कालवला जातो. शायाही अशाच दोन प्रकारच्या असतात. विरघळलेल्या रंगाचा प्रत्येक रेणू हवेला आणि उजेडाला सहज सापडतो. गेरूसारख्या कणाचा बाहेरचा थर झिजला तरी आतला रंग शाबूत राहतो, म्हणून कणांची शाई अधिक टिकते. स्वस्त घरगुती प्रिंटरांत रंगीत शाया बहुधा विरघळणाऱ्याच असतात.

आता पाकीट हातात घ्या. त्यावर ठळक अक्षरांत असते ‘१८० ग्रॅम’ आणि ‘हाय ग्लॉसी’. ग्रॅमचा आकडा हे एक चौरस मीटर कागदाचे वजन. त्यावरून जाडीचा अंदाज येतो, आयुष्याचा नाही. माझे स्पष्ट मत असे, की लेप कोणत्या तऱ्हेचा आणि कोणत्या शाईसाठी, हे पाकिटावर तितक्याच ठळकपणे छापले पाहिजे. ते छापलेले नसेल तर दुकानदाराला विचारावे.

काही जण म्हणतील, ‘प्रिंटरच्या कंपनीचाच महागडा कागद घ्यावा, म्हणजे झाले.’ त्यात तथ्य आहे, कारण त्या कंपनीने तो कागद आपल्याच शाईबरोबर तपासलेला असतो. पण दोन दिवसांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तो खर्च कशाला? तेथे मॅट कागद पुरतो, शिवाय ट्यूबलाइटची चमकही डोळ्यांवर येत नाही. फोटो कोठे आणि किती काळ राहणार, हे आधी ठरवावे आणि मगच कागद घ्यावा. एक सावधगिरी मात्र पाळा : इंकजेटचा चकचकीत कागद लेसर प्रिंटरमध्ये घालू नका. तेथील उष्णतेने लेप वितळून यंत्र बिघडू शकते.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. दोन-तीन प्रकारच्या कागदांवर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चौकोन छापा. प्रत्येकाच्या तीन पट्ट्या कापा. एक जाड पुस्तकात ठेवा, एक सावलीत पण उघड्या हवेत टांगा आणि एक उन्हाच्या खिडकीत काचेखाली दाबून ठेवा. दरमहा पुस्तकातल्या पट्टीशी तुलना करून नोंद करा. हवेने किती रंग गेला आणि उजेडाने किती, हे तुम्हांलाच कळेल.

आजोबांच्या फोटोत चांदीचे कण आहेत, म्हणून तो इतका टिकला. हल्ली जुने फोटो स्कॅन करून नव्याने छापतात आणि मूळ प्रत रद्दीत टाकतात. तसे करू नका. नवी प्रत काचेखाली भिंतीवर लावा आणि मूळ प्रत कोरड्या, अंधाऱ्या जागी जपून ठेवा. नवी प्रत विटली तर पुन्हा छापता येईल. मूळ प्रत गेली आणि स्कॅनही हरवला, तर आजोबांचा चेहरा पुन्हा कोठून आणणार?